खालच्या जागेवरच्या चामखिळी: दाखवल्यापासून बऱ्या होईपर्यंत

पुरुषांच्या लघवीच्या जागेवर चामखिळी येऊ शकतात, त्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात आणि उपचाराने जातात. आपल्या भागातल्या, यातून गेलेल्या एखाद्या माणसाने मराठीत लिहिलेलं एवढं एक वाक्य मला ऑगस्ट 2024 मध्ये वाचायला मिळालं असतं, तर कितीतरी रात्री झोप लागली असती. म्हणून झालं ते तारखांसकट लिहून काढतोय. नावगाव सांगत नाही. लातूर जिल्ह्यातला आहे, वय 32, लग्न झालेलं, एक मुलगी, घरची सोयाबीनची शेती आणि तालुक्याला खत-बियाण्यांचं छोटं दुकान.

नागपंचमीच्या सुमारास अंघोळ करताना पुढची कातडी मागे घेतली तेव्हा आतल्या बाजूला दोन बारीक दाणे हाताला लागले. दुखत नव्हते, खाजत नव्हते, रंग कातडीचाच. उष्णतेने उठलं असेल असं वाटलं. आठ दिवस धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायलो. राखीपौर्णिमेपर्यंत दाण्यांची संख्या वाढली आणि त्यातल्या एकाचा शेंडा फुलकोबीच्या तुऱ्यासारखा फुटला. ही उष्णता नाही हे तेव्हा कळलं.

रात्री बायको आणि लेक झोपली की मोबाईलचा उजेड कमी करून शोधत बसायचो. पहिल्या पाच मिनिटांत कॅन्सर, एड्स, वांझपण, सगळं समोर येतं. त्या दिवसांत लेकीला मांडीवर घेणं मी बंद केलं होतं. माझा टॉवेल वेगळा, साबण वेगळा. बायकोने कारण विचारलं तर अंगाला खाज आहे म्हणालो.

आपल्याकडे कुठल्याही बसस्टँडच्या कंपाउंडवर, रेल्वे पुलाखाली रंगवलेल्या जाहिराती असतात: गुप्तरोग, एका दिवसात इलाज, नाव गुप्त. फोन नंबर मी उतरवूनही घेतला होता. लावला नाही, कारण दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मागे अशाच ठिकाणी हजारो रुपये पुड्यांवर घातलेले मला माहीत होते. गावात चामखिळीवर घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावतात. हातावरच्या चामखिळीसाठी ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. पुढे डॉक्टरांनी तपासताना पहिलाच प्रश्न विचारला तो हा: "काही लावलंय का? चुना, सोडा, भोवरीचं औषध, मेडिकलमधली कुठली ट्यूब?" मी नाही म्हटलं तर म्हणाले, बरं केलं, त्या जागेची कातडी फार पातळ असते, माणसं जाळून घेऊन येतात आणि मग आधी जखम बरी करण्यातच महिना जातो. पायाच्या भोवरीसाठी मिळणारं औषध किंवा पट्टी तिथे कधीही लावायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सप्टेंबर उजाडला तो पाऊस घेऊन. 1 आणि 2 तारखेला मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्यात आमचंही सोयाबीन पाण्यात गेलं. दुकानाची उधारी अडकली. पोळा कसाबसा झाला. 5 सप्टेंबरला गुरुवारी मी लातूरला एका खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. पाटीवर 'त्वचा, केस व गुप्तरोग' असं लिहिलेलं असतं ते हेच डॉक्टर. यासाठी वेगळा कुणी शोधायची गरज नाही.

दवाखान्यात सगळ्यात अवघड गेलं ते काउंटर. मागे बाया-माणसं बसलेली आणि समोरच्या मुलीने मोठ्याने विचारलं, "काय त्रास आहे?" मी "स्कीनचा" म्हणालो. "स्कीनचा म्हणजे कुठं?" माझे कान गरम झाले. "डॉक्टरांनाच सांगतो," म्हटल्यावर तिने गप लिहून घेतलं. हे दोन शब्द कुठल्याही दवाखान्यात चालतात. कुणी जबरदस्ती करत नाही.

आत गेल्यावर सगळं पाच-सात मिनिटांत झालं. डॉक्टरांनी हातमोजे घातले, दिवा जवळ ओढला, पुढची कातडी, लघवीचं छिद्र, अंडकोषाची पिशवी, जांघा, शौचाची जागा सगळं पाहिलं. तोंडसुद्धा उघडायला लावलं. मग म्हणाले, "चामखिळी आहेत. एचपीव्हीच्या. कॅन्सर नाही."

मी कुठली रक्ताची तपासणी करून हे कळतं का असं विचारलं. ते म्हणाले, पुरुषांमध्ये एचपीव्ही शोधायची नेहमीच्या वापरातली तपासणी नाही, निदान डोळ्यांनीच होतं. शंका आली तरच तुकडा काढून पाठवतात. या विषाणूचे 200 हून जास्त प्रकार आहेत. त्यातले 6 आणि 11 नंबरचे प्रकार मिळून दहापैकी नऊ जणांच्या अशा चामखिळींना कारण असतात आणि हे दोन्ही कॅन्सर करणाऱ्यांत धरले जात नाहीत. कॅन्सरचे मुख्य प्रकार वेगळे, 16 आणि 18. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तरुण पोरांसाठी मुद्दाम लिहितो. शिश्नाच्या टोकाच्या कडेला एका ओळीत बारीक, पांढरट, सगळे एकसारखे दाणे अनेक पुरुषांना नैसर्गिक ठेवणीतच असतात. तो आजार नाही, त्याला औषध नाही आणि लागतही नाही. घाबरून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना हेच निघतं.

फी 500 रुपये. कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकाने, जाळून काढायचा खर्च सहा हजारांच्या आसपास सांगितला, परत आल्या तर पुन्हा वेगळा. माझ्याकडे त्या महिन्यात तेवढे नव्हते. मी तसं स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांनीच सुचवलं की सरकारी रुग्णालयात जा, तिथे त्वचा व गुप्तरोग विभाग असतो, तोच उपचार होतो. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ही चिठ्ठी पुढे फार कामाला आली, कारण तिथे पुन्हा तोंडाने सांगावं लागलं नाही.

गौरी-गणपती उरकून 13 सप्टेंबरला शुक्रवारी सकाळी सरकारी रुग्णालयात गेलो. केस पेपरची खिडकी साडेआठला उघडते, आठलाच रांग लागलेली असते. आधार कार्ड आणि मोबाईल नंबर लागतो. खिडकीवर "स्कीन ओपीडी" एवढंच सांगायचं. केस पेपरचे पैसे किरकोळ. ओपीडीत खाज, नायटा, पांढरे डाग असलेली पन्नासेक माणसं बसलेली होती. तिथे बसल्यावर माझी भीती अर्धी झाली. कोण कशासाठी आलंय हे कुणालाच कळत नाही आणि कुणी पाहतही नाही.

डॉक्टरांनी तपासून आधी 'सुरक्षा क्लिनिक'ला पाठवलं. जिल्हा पातळीवरच्या सरकारी दवाखान्यांत लैंगिक आजारांसाठी ही खोली असते, तिथे समुपदेशक बसतात. आमच्या समुपदेशक मॅडम चाळिशीच्या असतील. बाई आहेत म्हटल्यावर माझी जीभ टाळूला चिकटली. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "दादा, इथं रोज हेच बोलतो आम्ही. तुम्ही सांगा, मी लिहून घेते." त्यांनी लग्न कधी झालं, लग्नाआधी संबंध होते का, बाहेर कुठे आहेत का, कंडोम वापरला का, पुरुषांशी संबंध आहेत का, सगळं एका सुरात विचारलं. उत्तरावर भुवईसुद्धा हलली नाही. मी लग्नाआधी चाकणला कंपनीत होतो तेव्हा एका बाईशी माझे संबंध होते. 2018 मध्ये ते संपले, 2019 मध्ये लग्न झालं, त्यानंतर बायकोशिवाय कुणी नाही. आयुष्यात हे पहिल्यांदा मी कुणाला तरी सांगत होतो.

आणि मग मी तो प्रश्न विचारला जो महिनाभर डोक्यात फिरत होता. मला हे आलं कुणाकडून? सहा वर्षांपूर्वीचं आता कसं निघेल? म्हणजे बायकोकडून?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. विषाणू अंगात गेल्यावर चामखीळ बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत दिसते. पण काहींना वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही आणि मग कधीतरी उठते. बऱ्याच लोकांना तो होऊन जातो आणि शरीर त्याला दोनेक वर्षांत स्वतःच दाबून टाकतं, पत्ताही लागत नाही. तुमच्यात आधीचा असू शकतो, त्यांच्यात असून तुम्हाला आलेला असू शकतो. चामखीळ दिसली म्हणून कुणी कालपरवा बाहेर गेलं होतं असा अर्थ निघत नाही. "याच्यावरून घरं मोडताना पाहिलीत मी दादा," त्या म्हणाल्या, "आणि त्या भांडणाला पुरावा काहीच नसतो."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात मला मिळालेलं सगळ्यात मोलाचं औषध हेच होतं. चामखिळी डॉक्टर काढतातच. पण 'कुणाकडून' हा किडा काढायचं काम कॉटरीने होत नाही. त्याला उत्तर नसतं हे एकदा मनापासून मानलं की पुढचं सगळं माणसाला झेपतं.

त्याच दिवशी एचआयव्हीची आणि व्हीडीआरएलची, म्हणजे गरमीसाठीची रक्ताची, तपासणी झाली. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या एका टप्प्यात त्याच जागी चपट्या, ओलसर चामखिळींसारखंच काहीतरी उठतं आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा असतो, म्हणून व्हीडीआरएल करून घ्यायचीच. शुगरही तपासली. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट आहे, आणि आधी तुमची संमती घेतात. 2017 च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. घरी फोन जाईल, गावात कळेल ही भीती मनातून काढा. आधी कुणाशी तरी बोलायचंच असेल तर 1097 हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा टोल फ्री नंबर आहे.

शनिवारी लातूरला येणं जमलं नाही, मग रविवार, आणि 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. मधले ते दिवस वाईट गेले. दुकानात बसून मी गिऱ्हाइकाला युरियाच्या जागी दुसरीच गोणी द्यायला निघालो होतो. 19 तारखेला गेलो. दोन्ही रिपोर्ट निरंक. शेवटचा बाहेरचा संबंध काही वर्षांपूर्वीचा असल्यामुळे एचआयव्हीची तपासणी पुन्हा करायची गरज नाही, असं मॅडम म्हणाल्या. संबंध अलीकडचा असता तर तीन महिन्यांनी परत बोलावलं असतं.

त्याच दिवशी उपचार सुरू झाला. पोडोफायलिन नावाचं औषध: काचेच्या बुटक्या बाटलीत, तपकिरी, चिकट, डिंकासारखं ओढलं जाणारं. ड्रेसिंगच्या खोलीत पडद्याआड आडवं झोपवतात. डॉक्टरांनी आधी प्रत्येक चामखिळीच्या भोवती चांगल्या कातडीवर व्हॅसलीनचं कडं केलं, मग कापसाच्या काडीचं टोक बुडवून फक्त दाण्यावर टेकवलं, आणि दोन-तीन मिनिटं तसंच सुकू दिलं. लगेच काही वाटलं नाही. चार तासांनी साबणाने धुवायचं, त्याहून जास्त ठेवायचं नाही, विसरायचं नाही.

गावाकडून येणाऱ्यासाठी हे चार तास हीच खरी अडचण. एसटीत बसलो आणि बस रस्त्यात बंद पडली तर धुणार कुठे? म्हणून मी औषध लागलं की लातूरमध्येच थांबायचो, बाजाराची कामं उरकायचो, आणि वेळ झाली की रुग्णालयाच्या संडासात जाऊन पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीने धुवायचो. छोटा साबण, बाटली, एक जुना मऊ पंचा, एवढं बरोबर ठेवा. सैल सुती चड्डी घाला. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, चुरचुरते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणा काळपट पडून सुकतो. हे औषध बायकांना गरोदरपणात चालत नाही, त्यामुळे घरातल्या कुणासाठी ते उसनं घेऊन जाऊ नका.

त्या रात्री बायकोला सांगितलं.

लेक झोपल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. मी आधी आजार सांगितला, मग रिपोर्ट दाखवले, मग चाकणचं सांगितलं. क्रम मी मॅडमला विचारून ठरवला होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला काय होईल?" मी जे समजलं होतं ते सांगितलं. "आणि ती बाई? अजून आहे का?" नाही म्हटलं. "मला लग्नाआधी का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते तयार करायचा प्रयत्नही केला नाही. ती खाली गेली आणि लेकीजवळ झोपली. पुढचे काही दिवस आमच्यात फक्त जेवण आणि शाळेपुरतं बोलणं होतं. तिला राग यायचा हक्क होता. मी तो घालवायची घाई केली नाही.

26 तारखेला माझं दुसरं लावणं होतं. सकाळी डबा भरताना ती म्हणाली, "अहो, मी पण येते. त्या मॅडमशी मला बोलायचंय." मॅडमनी मला बाहेर बसवलं. आत काय झालं ते मी आजवर विचारलेलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. पण येताना बसमध्ये माझ्या शेजारी बसली, सकाळी पुढच्या बाकावर बसली होती.

तिची तपासणी स्त्रीरोग विभागात लेडीज डॉक्टरांनी केली. चामखिळी नव्हत्या. तिची एचआयव्ही-व्हीडीआरएल झाली, निरंक. तिला तीस पूर्ण असल्याने गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी करून घ्या म्हणाले: व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून एक मिनिटाने कुठे पांढरं पडतं का बघतात. पांढरं पडलं नाही. लेडीज डॉक्टरांनी नीट समजावलं की नवऱ्याच्या चामखिळीमुळे तिला कॅन्सरचा धोका वाढला असं नाही, ते प्रकार वेगळे. पण ही तपासणी तिशीनंतर प्रत्येकच बाईने ठरावीक वर्षांनी करायची असते.

घरी आल्यावर तिने हे तिच्या आईला फोनवर सांगितलं, माझा विषय वगळून. सासूबाई परंडा तालुक्यातल्या. त्या म्हणाल्या, "आगं, आमच्या गावात पण आलते की दवाखान्याचे लोक. लई बायांना तपासलं होतं तवा." मी शोधलं तर ही केवढी मोठी गोष्ट निघाली. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 52 गावगटांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांना घेऊन एक अभ्यास झाला होता. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होती. 2009 मध्ये निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्हीची तपासणी करून वेळेत उपचार केला त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटापेक्षा जवळजवळ निम्म्यावर आले. जगभर या तपासणीचा आग्रह धरताना आपल्या उस्मानाबादचा दाखला देतात, आणि आपल्याकडेच बायका लाजेखातर तपासणीला जात नाहीत. माझ्या आजारपणातून बायकोची ही तपासणी झाली, याचं मला खरंच बरं वाटतं.

3 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, तिसरं लावणं झालं. बारीक दाणे गळून गेले होते. तुरा फुटलेला मोठा होता तो हलेना. दसरा झाल्यावर 15 तारखेला कॉटरीचं ठरलं. आधी संमतीच्या फॉर्मवर सही, रक्तस्रावाची साधी तपासणी, पावतीचे काही शे रुपये. बधिर करायचं इंजेक्शन दुखतं. ते लपवून उपयोग नाही. दहा सेकंद दात आवळून धरायचे. त्यानंतर काही कळत नाही, फक्त जळका वास येतो. डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी जाड मास्क लावले, पंखा वळवला. मला वाटलं किळस येत असेल. सिस्टर म्हणाल्या, या धुरात विषाणू असू शकतो, म्हणून आम्ही आमची काळजी घेतो. मग मनावरचं ते ओझंही उतरलं.

पंधरा मिनिटांत काम झालं. मलम दिवसातून दोनदा, दुखलं तर पॅरासिटॅमॉल, लघवी झाली की पाण्याने धुऊन टिपून कोरडं करायचं, मोटरसायकल आठवडाभर बंद. नेमकी तेव्हा आमची उरलीसुरली सोयाबीनची काढणी चालू होती आणि मला उकिडवं बसता येईना. भावाने सगळं उचललं. दिवाळीपर्यंत जखम पूर्ण भरून आली.

डॉक्टरांनी त्याच वेळी बजावलं होतं की चामखीळ काढली म्हणजे विषाणू गेला असं नसतं. तो आजूबाजूच्या कातडीत राहतो आणि पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा उठायचं प्रमाण बरंच आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत त्या लवकर हटत नाहीत, म्हणून तीही बंद करायला सांगितली. मी दिवसाला तीन-चार ओढायचो, सोडली. त्या जागेचे केस वस्तऱ्याने काढायचे नाहीत, कारण बारीक जखमांतून चामखिळी पसरतात. कात्रीने कापायचे. संबंध येईल तेव्हा कंडोम वापरायचा, तोसुद्धा पूर्ण संरक्षण देत नाही, कारण झाकलेल्या भागाबाहेरच्या कातडीचाही स्पर्श होतो. लेकीला जवळ घेऊ का, हे मी चाचरत विचारलं. डॉक्टर म्हणाले, "घ्या की, खुशाल घ्या. हे मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतं, मांडीवर घेतल्याने नाही." तेवढं ऐकायला मी ऑगस्टपासून थांबलो होतो.

सगळं आधी सांगितलेलं असूनही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिश्नाच्या मुळाशी दोन नवे दाणे दिसले तेव्हा मी खचलो. पुन्हा तीच रांग, तोच पडदा. बायको म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना? मग उद्याच जा, बसू नका." या वेळी इमिक्विमोड नावाचं मलम लिहून दिलं. ते विषाणूला मारत नाही, त्या जागेची प्रतिकारशक्ती जागी करतं, म्हणून वेळ घेतं: जास्तीत जास्त 16 आठवडे. मला ते तेव्हा रुग्णालयात मिळालं नाही, बाहेरून घ्यावं लागलं. सगळे मिळून दोन-अडीच हजार त्यातच गेले.

9 डिसेंबरपासून सुरू केलं. आठवड्यातून तीन रात्री: सोमवार, बुधवार, शुक्रवार. झोपताना अगदी पातळ थर, सकाळी सहा ते दहा तासांच्या आत धुऊन टाकायचं. मी मोबाईलवर गजर लावून ठेवला होता. तिसऱ्या आठवड्यात जागा इतकी लाल झाली की चालताना घासायला लागली. फोन करून विचारलं तर म्हणाले, हे होतं, औषध काम करतंय. चार दिवस थांबा आणि परत सुरू करा. जास्त लावून लवकर बरं होत नाही. हे मलम कंडोमचं रबर कमकुवत करतं, त्यामुळे लावलेल्या रात्री संबंध नकोच. फेब्रुवारीच्या शेवटी दाणे गेले. डॉक्टरांनी पाहून मलम थांबवलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

10 जून 2025 ला, पेरणीच्या गडबडीत, शेवटचं दाखवलं. डॉक्टरांनी त्याच दिव्याखाली सगळं पुन्हा तपासलं आणि केस पेपरवर लिहिलं: नवीन काही नाही, दिसलं तर या. सुरुवातीची खासगी फी, मलमं, पावत्या आणि बसभाडं धरून सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत बसला. त्यात निम्म्याहून जास्त त्या इमिक्विमोडचे.

एचपीव्हीच्या लसीचं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. झालेल्या चामखिळी लसीने जात नाहीत, आणि आपल्याकडे बनणारी सिरमची सर्व्हाव्हॅक 9 ते 26 वयाच्या मुलामुलींसाठी आहे, त्यामुळे मी तिच्यात बसत नाही. पण तिच्यात 6, 11, 16 आणि 18 हे चारही प्रकार येतात, म्हणजे मुलग्यांना चामखिळींपासूनही संरक्षण मिळतं. माझा धाकटा भाऊ 22 चा आहे. काढणीत त्याने माझं काम केलं होतं तेव्हा त्याला निम्मं सांगितलं होतं, जूनमध्ये सगळं सांगितलं. तो आधी लाजला, मग म्हणाला, "दादा, कुठं घ्यायची सांग." पंधरा वर्षांवरच्यांना तीन डोस: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. एका डोसला दोन हजार रुपये पडले. जुलैत पहिला झाला, सप्टेंबरात दुसरा, तिसऱ्याला जानेवारी 2026 ची तारीख मिळाली. नऊ ते चौदा वयात घेतली तर दोनच डोस पुरतात, म्हणून लेकीच्या लसीच्या कार्डावर बायकोने आत्ताच नवव्या वर्षाची नोंद करून ठेवली आहे. लस प्रत्येक दवाखान्यात रोज असतेच असं नाही. निघण्याआधी फोन करून विचारा, आणि डोसच्या तारखेच्या आठवडाभर आधी सांगून ठेवलं तर ते मागवून ठेवतात.